पोराला शाळेत सोडायला स्कूटर, घरातली जुनी कार की ती छोटी चारचाकी? (डिचोली ते पर्वरी रोज)

डिचोलीची_सून

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आम्ही डिचोलीला राहतो, माझं ऑफिस पर्वरीला, नवरा पणजीत. मुलाला जूनमध्ये पाच पूर्ण झाली, शाळा म्हापशाला, म्हणजे वाटेवरच. आतापर्यंत काय चालायचं तर सकाळी तिघं एकाच स्कूटरवर, पोर पुढे फूटबोर्डवर उभं, मी मागे दोन डबे आणि दप्तर घेऊन, अस्नोडा, थिवी करत म्हापसा. नावं ठेवू नका, अर्धा गोवा असाच जातो. गेल्या आठवड्यात थिवीजवळ एक गुरं अचानक आडवं आलं, नवऱ्याने करकचून ब्रेक मारला, गाडी पडली नाही पण पोराची हनुवटी मीटरवर आपटली आणि दोन टाके पडले. स्पीड असेल तीस-पस्तीस. त्या दिवसापासून घरात रोज रात्री जेवताना हाच विषय.

मामंजी म्हणतात त्यांची २०१२ ची हॅचबॅक दारात उभी आहे ती घे, चारी बाजूने पत्रा आहे, आणखी काय पाहिजे. त्यात एअरबॅग नाहीत, बेसिक मॉडेल आहे. नवरा म्हणतो मी वेगळी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी, ती लायसन्स न लागणारी, पोर माझ्याबरोबर आणि तो आपला सुटा. ऑफिसमधला एक जण त्याची क्वाड्रिसायकल विकतोय, रिक्षाएवढी चारचाकी असते ती, म्हणतो कारच आहे आणि पार्किंगचा ताप नाही. आणि दीर म्हणतो लोन काढ आणि क्रॅश टेस्टला फाइव्ह स्टार मिळालेलीच घे, बाकी सगळं डबडं.

माझ्याकडे लायसन्स दोन्हीचं आहे पण कार नेटाने अशी चालवलेली नाही. नक्की सेफ काय? आणि हे स्टार-बिस्टार प्रकरण आपल्या चाळीसच्या स्पीडला लागू होतं का?

चर्चिलकाका_६८

आम्ही नवरा-बायको आणि तीन पोरं एका वेस्पावर फेस्ताला जायचो मडगावला. काय झालं नाही. आजकाल सगळ्यालाच भीती.

नटबोल्ट

काका, तेव्हा त्या रस्त्यावर समोरून तासाला किती गाड्या यायच्या आणि किती स्पीडने, ते पण सांगा की.

साखळीचा_मास्तर

ताई, मी ड्रायव्हिंग शिकवतो, बावीस वर्षं झाली, त्यामुळे आधी कायद्याचं सांगतो, कारण यातलं निम्मं लोकांना माहीतच नसतं. मोटर वाहन कायद्याचं कलम १२८ असं आहे की दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय फक्त एकच माणूस, आणि तो सुद्धा चालवणाऱ्याच्या मागे, गाडीला पक्क्या बसवलेल्या सीटवर. म्हणजे पोर पुढे उभं करणं हे ट्रिपल नसलं तरी बेकायदाच. आणि पोर लहान म्हणून तो माणसात धरत नाहीत असं काही नाही, धरतात. तुम्ही तिघं होता म्हणजे सरळ १९४ सी, हजार रुपये आणि वर तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. हजाराचं कोणाला काही वाटत नाही, तीन महिन्यांचं ऐकलं की माझ्या क्लासमधली पोरं सरळ बसतात.

हेल्मेट कलम १२९, चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला, म्हणजे तुमच्या पोराला लागतं, आणि मागे बसणारी म्हणून तुम्हालाही. तुम्ही हेल्मेटचं काही लिहिलंच नाहीत म्हणून विचारतो, होतं का कोणाला? चार वर्षांच्या आतल्यांसाठी वेगळा नियम आलाय, २०२२ ला काढला आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू, पोराला चालवणाऱ्याशी बांधणारा हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि स्पीड चाळीसच्या वर नाही. तुमचं पोर त्यातून बाहेर पडलं पण हार्नेस पाच वर्षाच्याला घालू नये असं कोणी सांगितलेलं नाही. सकाळी उठवून आणलेली पोरं मागे बसून झोपतात हो, मी डोळ्यांनी बघितलंय, मान एकीकडे आणि हात सुटलेला.

आता ती लायसन्स न लागणारी स्कूटर. ती कायद्याने मोटर वाहनच नाही, कारण तिची मोटर २५० वॉटच्या आत आणि टॉप स्पीड ताशी २५ च्या आत असते, म्हणून नंबरप्लेट नाही, रजिस्ट्रेशन नाही, लायसन्स नाही. सोसायटीत, बाजारात ठीक. पण अस्नोड्याच्या रस्त्यावर पंचवीसने चालवणार म्हणजे मागून येणारी प्रत्येक मिनी बस, प्रत्येक टिपर तुम्हाला ओव्हरटेक करणार, दिवसातून दोन वेळा, महिन्यातून पंचवीस दिवस. आणि दुकानदार हळूच वायर काढून पंचेचाळीसने पळवून देतो ते तर अजिबात घेऊ नका, मग ते मोटर वाहन झालं आणि त्याला ना रजिस्ट्रेशन ना इन्शुरन्स.

पणजीला जाताना मांडवीवरचा जो अटल सेतू आहे त्याच्यावर दुचाकीला बंदी आहे ते माहीत असेलच, कार घेतली तर मिस्टरांची ती एक कटकट कमी.

डिचोलीची_सून

हेल्मेट नवऱ्याला होतं. मला "हायवेला घालते" असं होतं. पोराला नव्हतं. लिहिताना लाज वाटली म्हणून गाळलं, पकडलंत.

नटबोल्ट

मी काही वर्षं पुण्याला गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये होतो, आता वेर्ण्याला आहे, त्यामुळे पत्र्याबद्दल मी बोलतो. मामंजींना सांगा की पत्र्याने माणूस वाचत नाही. पुढचा पत्रा मुद्दाम चुरगळायला बनवलेला असतो, धडकेचा जोर त्याने खायचा, आणि माणसं बसतात तो पिंजरा चुरगळायचा नाही, आणि बेल्टने माणूस त्या पिंजऱ्याला बांधून ठेवायचा, आणि एअरबॅगने डोकं स्टीअरिंगपासून वाचवायचं. ही सगळी एक साखळी आहे, एक कडी गेली की बाकीच्यांचा उपयोग निम्मा.

उदाहरण देतो. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून स्टार देणारी संस्था) आपल्याकडच्या पाच खपणाऱ्या गाड्या आपटल्या, ताशी ६४ ने, सगळ्या बिनएअरबॅगच्या बेसिक मॉडेल, आणि पाचही गाड्यांना मोठ्या माणसांसाठी शून्य स्टार. त्यात पोलो होती, तिचा पिंजरा टिकला होता तरी शून्य. तीच पोलो दोन एअरबॅग लावून आपटली तर चार स्टार. आणि उलटही आहे, त्याच पाचातल्या काही गाड्यांचा पिंजराच इतका कोसळला की एअरबॅग लावून फार फरक पडला नसता असं त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं. त्यामुळे जुन्या गाडीला बाहेरून काहीतरी बसवून घेऊ असा विचार मामंजींच्या डोक्यात आला असेल तर तो काढून टाका.

आपल्याकडे क्रॅश टेस्ट पास होणं सक्तीचं झालं ते नवीन मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना ऑक्टोबर २०१९ पासून, समोरून ५६ ने आणि बाजूने ५० ने. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची, शेजारच्या सीटची त्यानंतर दोन-अडीच वर्षांत सगळ्या गाड्यांना. म्हणजे २०१२ ची बेसिक गाडी या सगळ्याच्या आधीची. शिवाय तिचं पंधरा वर्षांचं पासिंग २०२७ ला संपतं, पुढे फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवावं लागणार, तेव्हा तो खर्च धरून चाला.

क्वाड्रिसायकल. दिसते कार, पण कायद्यात तिचा वर्गच वेगळा आहे. वजनाला, ताकदीला मर्यादा घालून हलक्या वाहनांचा वर्ग केलाय तो शहरातल्या शेवटच्या दोन-चार किलोमीटरसाठी, रिक्षाला छप्पर आणि दारं मिळाली असं समजा. कारच्या एअरबॅगचे, क्रॅशचे नियम तिला लागत नाहीत. बजाज क्यूट युरो एनकॅपने २०१६ ला टेस्ट केली, क्वाड्रिसायकलची टेस्ट ५० नेच असते, एक स्टार मिळाला. सरकारने पण तिला एक्सप्रेसवेवर बंदी घातलीय आणि चार पदरी हायवे सोडून इतर रस्त्यांवर कमाल ५० ठेवलेत, कारला तिथे ७० आहेत. रिक्षापेक्षा ती बरी, यात वाद नाही. पण म्हापसा ते पर्वरी हायवेवर, मागे ट्रक घेऊन, पोर बसवून, मी नाही जाणार.

आता तुमचा खरा प्रश्न, चाळीसच्या स्पीडला काय. साठ आणि चाळीस यात दीडपटच फरक दिसतो पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वादोन पट. आपल्या भाषेत सांगतो. चाळीसने जाऊन भिंतीवर आपटणं म्हणजे साधारण वीस-एकवीस फुटी माडाच्या शेंड्यावरून खाली पडणं. साठने म्हणजे पंचेचाळीस फुटांवरून, चांगला वाढलेला माड. पाडेली (नारळ काढणारा) सुद्धा दोर घेऊन चढतो आणि आपण पोराला पुढे नुसतं उभं करतो. आणि चाळीस तुमचे हो, समोरून येणाऱ्याचे किती ते कोणाला माहीत.

चर्चिलकाका_६८

माड बरोबर लावलास बाबा. पटलं.

परबांचा_पेडणे

फाइव्ह स्टार घ्या आणि विषय संपवा. भारत एनकॅप आता आपलंच आहे, ऑक्टोबर २०२३ पासून, पहिले पाच स्टार हॅरियर-सफारीला मिळाले. बाकी वाद कशाला.

नटबोल्ट

विषय संपत नाही ना. एक तर भारत एनकॅप ऐच्छिक आहे, कंपनीने गाडी दिली तर टेस्ट होते, त्यामुळे स्टार नसलेली प्रत्येक गाडी वाईट असं नाही आणि चांगली असंही नाही, आपल्याला कळत नाही इतकंच. दुसरं म्हणजे ती ६४ ची टेस्ट बॅरियरवर होते, म्हणजे जवळजवळ आपल्याच वजनाच्या गाडीवर धडकल्यासारखी. ९०० किलोच्या पाच स्टार गाडीची आणि १७०० किलोच्या चार स्टार गाडीची समोरासमोर झाली तर स्टार मोजायला कोणी थांबत नाही, हलकी गाडी मागे फेकली जाते. एकाच साइझच्या दोन गाड्यांत निवडताना स्टार बघा. आणि मुलांचे स्टार वेगळे असतात तेही बघा, ते जाहिरातीत बारीक अक्षरात असतात.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, टेस्टमधला पुतळा बेल्ट लावून बसलेला असतो, मागच्या सीटवरची पोरं चाइल्ड सीटमध्ये असतात. बेल्ट न लावता बसलात तर ते स्टार तुमचे नाहीत. २०२२ ला सायरस मिस्त्रींची गाडी काय साधी होती? मागचे दोघं बेल्टशिवाय होते असं पोलिसांनी तेव्हाच सांगितलं.

डिचोलीची_सून

हे सगळं मामंजींना वाचून दाखवलं. ते रागावून बाहेर अंगणात जाऊन बसलेत, पण मघाशी आत येऊन "पंचेचाळीस फूट म्हणजे आपला विहिरीकडचा माड काय गो" असं विचारून गेले.

एक बाळबोध प्रश्न. कार घेतलीच तर पोर माझ्या मांडीवर पुढे चालेल ना? नवरा चालवेल आणि मी घट्ट धरीन. मागे एकटा बसला की रडतो.

रात्रपाळी

बाय, नको. मी नर्स आहे, कॅज्युअल्टीला बरीच वर्षं काढली. घट्ट धरीन हे प्रत्येक आई म्हणते आणि प्रत्येक आई खरंच धरते, पण तुझं पोर सतरा किलोचं असेल तर धडकेच्या त्या क्षणाला ते पाचशे किलोचं होतं, कोणाचे हात टिकतील? आणि पुढे तू बेल्ट लावलेला नसलास तर मागून तुझं वजन त्याच्यावर, पुढून एअरबॅग त्याच्या तोंडावर. मागे रडू दे. पाच वर्षाच्याला बूस्टर सीट लागते, तो उंचावर बसतो आणि बेल्ट गळ्यावरून न जाता खांद्यावरून जातो, खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर. पोटावरून गेलेल्या पट्ट्याने आत काय होतं ते इथे लिहीत नाही. बूस्टरला खांद्याचा बेल्ट पाहिजेच, जुन्या गाड्यांत मागे मधल्या सीटला नुसता कमरेचा असतो तिथे नको. कायद्यात पण आहे, चौदाच्या आतलं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड.

आणखी दोन गोष्टी, विषय निघालाच आहे म्हणून. कोणाचा अपघात दिसला तर हेल्मेट ओढून काढायला जाऊ नका, श्वास चालू असेल तर मान हलवू नका, १०८ लावा. आणि मदत केली म्हणून पोलिस तुम्हाला गुंतवतील ही भीती सोडा, २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ ए आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सुद्धा सक्ती नाही. लोक अजून मोबाइल काढून लांब उभे राहतात, रक्त बघून नाही, कोर्ट बघून घाबरतात.

पिवळा_मडगार्ड

मी पायलट, म्हापशाला स्टँडवर असतो. गोव्याबाहेरच्यांना पायलट म्हटलं की विमान आठवतं, आम्ही मोटरसायकल टॅक्सीवाले. सगळ्यांनी कारचंच लिहिलं म्हणून मी दुचाकीचं लिहितो, कारण लोन होईपर्यंत बाय स्कूटरवरच जाणार.

पावसाचे पहिले आठ-दहा दिवस ब्रेकवर भरवसा ठेवू नका. उन्हाळाभर रस्त्यावर बसलेलं ऑइल, डिचोलीकडे तर वरून लाल माती, पहिल्या सरीत त्याचा साबण होतो. चांगला दणकून पाऊस झाला की धुऊन जातं, तोवर सगळं हळू, लांबून ब्रेक. १२५ पर्यंतच्या गाड्यांना २०१९ पासून सीबीएस आलाय, एक लिव्हर दाबला की पुढचं-मागचं दोन्ही धरतं, १२५ च्या वरच्याला एबीएस, तो चाक लॉक होऊ देत नाही. लोक दोन्ही एकच समजतात. सीबीएस चाक लॉक व्हायचं थांबवत नाही, फक्त वाटून धरतो. तुमची स्कूटर २०१९ आधीची असेल तर तेही नाही, आणि बायका बऱ्याचदा मागचाच ब्रेक धरतात, पुढचा धरला की पडतो अशी कोणीतरी भीती घातलेली असते. रिकाम्या मैदानात जाऊन दोन्ही एकदम धरायची सवय करा. (बायका म्हटलं म्हणून भांडू नका, माझा मेव्हणा पण तसाच चालवतो.)

फेरीचा रॅम्प, पुलाच्या जोडाच्या लोखंडी पट्ट्या आणि रंगवलेले झेब्रा, तिन्हीवर ओल्यात वळायचं नाही आणि ब्रेक पण नाही, सरळ जायचं. बस थांबलेली असेल तर तिच्या डाव्या बाजूने घुसायचं नाही, कंडक्टरने शिट्टी मारली की ती निघते, मागे-पुढे बघत नाही. आणि ट्रकच्या मागे असाल तर त्याचा आरसा दिसतोय का बघा, आरसा दिसत नसेल तर तुम्ही पण त्याला दिसत नाही.

काळी प्लेट, पिवळी अक्षरं दिसली की अंतर ठेवा, भाड्याची गाडी, मॅप बघत चालवतो आणि वळण आलं की वळतोच.

परबांचा_पेडणे

भाड्याच्या गाडीवाल्यांनाच दोष देऊ नका, आपली लोकल पोरं काय कमी आहेत? सोळा वर्षांची पोरं दीडशे सीसी घेऊन हिंडतात. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरवालीचं लायसन्स मिळतं, बाकी सगळ्याला अठरा.

साखळीचा_मास्तर

आणि पकडला तर बापाला. १९९ ए, पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे मी क्लासला आलेल्या बापांना पहिल्या दिवशी वाचून दाखवतो. एक जण म्हणाला, मास्तर, पण तो माझ्यापेक्षा चांगली चालवतो. असेल.

ताई, तुमचं काय ठरलं ते कळवा. माझं मत विचाराल तर २०१९-२० नंतरची, दोन एअरबॅग आणि एबीएसवाली, मागे दोन्ही खिडक्यांना खांद्याचे बेल्ट असलेली सेकंड हँड गाडी बघा, नव्या लोनच्या निम्म्यात येते. अपघात झालेली आहे का ते चांगल्या गॅरेजवाल्याकडून तपासून घ्या, एकदा उघडलेल्या एअरबॅगच्या जागी नुसतं झाकण चिकटवून विकलेल्या गाड्या मी बघितल्यात. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे, लागलाच नाही तरी संशय घ्या.

डिचोलीची_सून

मंडळी, अपडेट. क्वाड्रिसायकलवाल्याला नाही सांगितलं, तो थोडा नाराज. पंचवीसवाल्या स्कूटरचं नवऱ्याने स्वतःच सोडून दिलं, अस्नोड्याला टिपरच्या मागे उभा राहून विचार केला म्हणतो. २०२१ ची एक गाडी बघितलीय कारापूरला, रविवारी गॅरेजवाल्याला घेऊन जातोय, दिव्याचं लक्षात ठेवलंय. मामंजींची गाडी बाजारापुरती राहणार, त्यात पण त्यांनी काल पहिल्यांदा बेल्ट ओढला तर तो आतून बुरशीने हिरवा झालेला निघाला, आता बदलून घेतायत.

तोवर दोन महिने तरी स्कूटरच, पोर माझ्या मागे आणि नवरा कदंबाच्या बसने. हार्नेस मागवला. हेल्मेटला म्हापशाला गेले होते तर दुकानदार म्हणतो मोठ्यांचं स्मॉल घ्या आणि आत फडकं घाला, वर्षभरात येईल मापाला. घेऊ का?

रात्रपाळी

फडकं अजिबात नको गो. सैल हेल्मेट आपटायच्या आधीच उडून जातं. शिवायच्या टेपने कपाळावरून, भुवयांच्या बोटभर वर, गोल माप घे आणि तेवढ्याच सेंटिमीटरचं मुलांचं घे, आयएसआयचा शिक्का बघून. पट्टा लावून त्याला जोरात नाही म्हणून मान हलवायला सांग. डोकं हललं की हेल्मेट बरोबर हललं पाहिजे, मागाहून नाही.

डिचोलीची_सून

५१ भरलं. देव बरें करूं सगळ्यांचं. आता त्याला डायनासोरवालंच पाहिजे, आणि डायनासोरवाल्यावर आयएसआय नाहीये.

पिवळा_मडगार्ड

साधं घ्या आणि डायनासोरचा स्टिकर स्टँडवर येऊन माझ्याकडून घेऊन जा, पुतण्याचे उरलेत.